तिसरी झोप

"रात्रभर झोपलात की जखमा भरतील, पण प्रत्येक झोपेला भुयारात पाणी हातभर चढेल, जपून झोपा," पटावरचा खेळ चालवणाऱ्या मृदुलाताईंनी सुरुवातीलाच बजावलं होतं. तरी खेळात वैद्य झालेली चारुता आणि तिचे दोघे सोबती किरकोळ ओरखड्यांपायी दोनदा झोपले होते.

आता परतीची वाट दरडीने बंद होती, पाणी घोट्याला लागलं होतं आणि चारुताकडे जिवाचे दोनच गुण उरले होते. खालच्या कोठडीत साखळदंडात जखडलेल्या एका नावाड्याच्या तर छातीपर्यंत पाणी आलं होतं. "तुला बुडू देणार नाही," असा शब्द तिनेच त्याला दिला होता.

"झोपूया. असेच गेलो तर कोठडीच्या पहारेकऱ्याच्या पहिल्याच घावात संपू," योद्धा झालेला निनाद म्हणाला.

"आणि तो बुडेल त्याचं काय?"

"अगं, तो कागदावरचा आहे!"

"मग तुझा योद्धा काय जिमला जातो?"

हशा पिकला, पण दोघांचे हात झोपेच्याच बाजूने वर झाले.

"झोपणारे झोपोत. चारुता, तू?" मृदुलाताईंनी विचारलं.

तिने आपली सोंगटी उचलली आणि कोठडीकडे उतरणाऱ्या, पाण्यात गेलेल्या पायरीवर अलगद ठेवली.