तिसरी फेरी

विमान समोरून गेलं तेव्हा विमानतळाच्या मनोऱ्यात बसलेल्या काकांना पंख दिसले, शेपूट दिसली, शेपटीवरचा लाल पट्टासुद्धा दिसला. फक्त चाकं दिसली नाहीत.

वैमानिकापुढे तीन चाकांचे तीन हिरवे दिवे असतात, त्यातला एक लागत नव्हता. पुढचं चाक खाली आलं की तो लागतो. आता एक तर चाक अडकलं होतं, नाही तर दिवाच गेला होता, आणि आत बसून हे कळण्यासारखं नव्हतं. म्हणून त्याने धावपट्टीवरून, मनोऱ्यासमोरून, न उतरता अगदी कमी उंचीवर एक फेरी मारायची परवानगी मागितली होती. मनोऱ्यातल्या माणसाने दुर्बिणीतून बघायचं आणि काय दिसलं ते सांगायचं. काकांनी एकतीस वर्षांत हे काम चार वेळा केलं होतं. चारही वेळा चाक खाली होतं आणि दिवाच गेलेला निघाला होता.

"काय दिसलं?" वैमानिकाने रेडिओवरून विचारलं.

"पुन्हा एकदा या," काका म्हणाले. "आणखी थोडं खाली."

वैमानिक बरं म्हणाला. विमानात त्रेचाळीस प्रवासी आहेत आणि इंधन अर्ध्या तासाचं आहे, हेही त्याने सांगितलं. घाई करत नव्हता, नुसतं सांगत होता.

मनोऱ्यात दोघंच होते. शेजारच्या खुर्चीत मॅडम होत्या. वर्षापूर्वी दुसऱ्या विमानतळावरून बदलून आलेल्या, कामाला चोख, बोलायला कमी. त्यांनी आगीचे बंब धावपट्टीपाशी बोलावून घेतले. काका पुन्हा बघताहेत म्हणजे त्याला तसंच काही कारण असणार, असं त्यांना वाटलं.

कारण होतं. दोन वर्षांपासून काकांच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध एक धुरकट ठिपका होता. ज्याच्याकडे बघावं तेवढंच त्यात बुडायचं, आजूबाजूचं मात्र लख्ख दिसायचं. मान जरा तिरकी करून बघितलं की काम भागायचं. लोकांना तो रुबाब वाटे, आणि काकांनी तो वाटू दिला होता. वार्षिक तपासणीतला अक्षरांचा तक्ता त्यांनी पाढ्यांसारखा पाठ केला होता. बायको संध्याकाळी त्यांच्याकडून तो म्हणवून घ्यायची, चुकले की हसायची. पुढे पुढे तिचं हसणं बंद झालं. निवृत्तीला सात महिने उरले होते. तेवढे निभावून न्यायचे, असं दोघांनी ठरवून टाकलं होतं. पण दुर्बिणीतून काही मान तिरकी करून बघता येत नाही.

दुसऱ्यांदा विमान इतकं खालून गेलं की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. काकांनी दुर्बीण डोळ्यांवर गच्च दाबून धरली. विमान जसं सरकलं तसा ठिपकाही सरकला, चाकांना मुळी सोडेचना.

"दिसलं का?"

उत्तर काकांच्या जिभेवर आलं होतं. चाकं खाली 'आहेत' असं मनोऱ्यातून कधी म्हणायचं नसतं. 'दिसतायत' एवढंच म्हणायचं. ती घट्ट बसली आहेत की नाहीत ते इथून कोण सांगणार? म्हणजे उद्या काही झालंच तर अंग काढून घ्यायची सोय नियमातच होती. चार वेळा चाक खाली होतं, पाचव्यांदाही असणारच. एक शब्द बोलायचा आणि सात महिने मोकळे. काकांना भीती वाटली. आपण तो शब्द किती सहज बोलू शकतो, याची.

इथे बोललेलं सगळं टेप होतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी रेडिओचं बटण दाबलं.

"मला दिसलं नाही. हवा स्वच्छ आहे, दोष माझ्या डोळ्यांत आहे. तिसरी फेरी मारा. आता मॅडम बघतील."

मग वैमानिक म्हणाला की ठीक आहे, पण ही शेवटची. त्यानंतर चाक असो नसो, उतरावंच लागेल.

काकांनी दुर्बीण मॅडमच्या हातात दिली आणि ते खुर्ची सोडून मागे उभे राहिले. मॅडमनी वळून बघितलं नाही, त्याचं काकांना बरं वाटलं. विमान आलं आणि गेलं.

"तिन्ही चाकं खाली दिसतायत," मॅडमनी कळवलं.

आठ मिनिटांनी विमान उतरलं, रोज उतरतं तसंच. बंब आपले उगाच मागे मागे धावले. दिवाच गेला होता, असं वैमानिकाने सांगितलं आणि मॅडमचे आभार मानले. काकांनी पहिल्याच फेरीला 'दिसतायत' म्हणून टाकलं असतं, तरी हेच झालं असतं. हे काकांच्या लक्षात आलं, मॅडमच्याही आलं.

मॅडमनी फोन उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. वरिष्ठांना कळवावं लागेल, असं त्या टेबलाकडे बघत म्हणाल्या. कळवायलाच हवं, काका म्हणाले, आणि माझ्या जागी लगेच कुणाला तरी बोलवा, पाच वाजता पुढचं विमान आहे. मग ते काचेपाशी जाऊन उभे राहिले.

"लोक उतरले का?"

"उतरतायत."

"काय करतायत?"

मॅडमनी दुर्बीण पुन्हा डोळ्यांना लावली. "घड्याळं बघतायत. एक बाई फोनवर कुणावर तरी ओरडतायत. एकाने बॅग आपटली. सगळे वैतागलेत, काका."

"वैतागू देत," काका म्हणाले. "आणखी सांगा."