मागच्या रांगेकडून

"चौथ्या रांगेतून समुद्र दिसत नाही. पाठी दिसतात," म्हणत लोरेदानाने सुटकेस पायाने पलंगाखाली ढकलली. "यंदाही चौथी रांग असेल तर मी डोंगरात, बहिणीकडे. आणि आइसबॉक्स माझ्याबरोबर येईल."

मोदेना शहरात फेब्रुवारी चालला होता. खिडकीबाहेर धुकं होतं. ऑगस्टच्या सुट्टीचं सगळं फेब्रुवारीतच ठरतं, भांडणासकट.

"अगं, रांग काय भाजीसारखी बाजारात मिळते?" फाउस्तो म्हणाला.

ते खरंच होतं. ओरेस्ते किनाऱ्यावर रांगांनी छत्र्या लावून भाड्याने द्यायचा, आणि तिथे छत्रीची जागा बापाकडून मुलाकडे जायची. पुढचं कुणी मेलं किंवा कुणाचा संसार मोडला, तरच मागचा माणूस एक रांग पुढे सरकायचा. फाउस्तोच्या घराण्यासमोर कुणी मरत नव्हतं आणि कुणाचे संसारही मोडत नव्हते. त्याचे वडील तर छत्रीखालीच गेले. शेवटच्या क्षणी त्यांच्या डोळ्यांसमोर बोलोन्याच्या एका दंतवैद्याची पाठ होती. तीळ असलेली.

तो दंतवैद्य तिसऱ्या रांगेत. आणि सगळ्यात पुढे, निळ्या छत्रीखाली, सिन्योरा एर्सिलिया. वय चौऱ्याण्णव. दरवर्षी ती नव्या रंगाचा स्विमसूट घालून यायची आणि लोरेदानाला तो आपला जाहीर अपमान वाटायचा.

"नवरा नाही, पोरं नाहीत," लोरेदाना म्हणाली. "एवढं जगून करायचंय काय तिला?"

"नवरा नाही, पोरं नाहीत, म्हणून तर जगतेय."

लोरेदानाने त्याच्याकडे पाहिलं. फाउस्तोने मुकाट्याने ओरेस्तेला फोन लावला.

"वादळ आहे! नंतर!" ओरेस्ते ओरडला आणि फोन बंद झाला.

मार्चमध्ये त्याने फोन उचलला नाही. एप्रिलमध्ये उचलला, "मजूर आलेत, नंतर" म्हणाला आणि ठेवून दिला. लोरेदानाने बहिणीला लोकरीचे मोजे किती लागतील ते विचारून घेतलं. फाउस्तोला ऐकू जाईल अशा आवाजात.

मेमध्ये ओरेस्तेचाच फोन आला.

"बसलायस ना? यंदा पहिली रांग तुझी."

फाउस्तो उभा राहिला. "पहिली? अरे, मग दंतवैद्य?"

"तो गेला मागे."

"आपणहून?"

"आपणहून कोण मागे जातं, फाउस्तो?"

"आणि एर्सिलिया सिन्योरा...?"

पलीकडून लाटा ऐकू आल्या. अगदी कानाशी.

"तिचं नाव काढू नकोस," ओरेस्ते म्हणाला. "सकाळपासून तिच्यासाठी सिमेंट ओततोय. कंबरडं मोडलं माझं. तिचे एकेक हट्ट! बरं, येताना रबरी चपला आणा. आणि पैसे आगाऊ पाठव, परत मिळणार नाहीत."

फाउस्तोने कपाळाला, छातीला आणि दोन्ही खांद्यांना बोटं लावून क्रूस काढला.

लोरेदानाने बातमी ऐकली आणि ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. आधी ती रडली. मग म्हणाली, "बिचारी." मग म्हणाली, "दंतवैद्याचा घटस्फोट झाला असणार. त्याची बायको फार हसायची." आणि चौथं वाक्य नव्या स्विमसूटबद्दल होतं.

"ओरेस्ते स्वतः तिचं थडगं बांधतोय," फाउस्तो हळहळला. "कुणीच नव्हतं ना तिला."

"मग आपण रिकाम्या हाताने जायचं नाही. जागा तिची घेतोय आपण."

ऑगस्टमध्ये थडग्यावर वाहायला शेवंतीचं पुष्पचक्र तयार झालं. एवढं मोठं की गाडीच्या डिकीत मावेना. त्यावरच्या जांभळ्या फितीसाठी दोघं आठवडाभर भांडले होते. लोरेदानाला 'प्रिय' हा शब्द हवा होता, फाउस्तोला खोटं लिहायचं नव्हतं. शेवटी सोनेरी अक्षरांत लिहिलं गेलं, 'एर्सिलियास, मागच्या रांगेकडून.'

सगळी मोदेना त्याच दिवशी त्याच रस्त्याने समुद्राकडे निघाली होती. गाडी मुंगीच्या पावलाने सरकत होती. चक्र मागच्या सीटवर लाझान्याच्या भांड्यावर आडवं पडलं होतं आणि त्याची एक बाजू लोरेदानाच्या मानेला टोचत होती.

"मेल्यावरही बाई जागा अडवते," ती म्हणाली.

"लोरे, लाज बाळग थोडी."

"लाज मागे ठेवायला जागा आहे का बघ."

किनाऱ्यावर ओरेस्तेने त्यांना लांबून पाहिलं आणि कॉफीच्या यंत्रामागे वाकला. तो बराच वेळ वर आला नाही. संडासाच्या भिंतीला लागून एक छत्री होती. तिच्याखाली तीळ असलेली ओळखीची पाठ होती आणि तिच्याशेजारी दंतवैद्याची बायको. हसत नव्हती.

"घटस्फोट नाही झालेला," फाउस्तो पुटपुटला.

"चल पुढे," लोरेदाना म्हणाली. तिने रबरी चपला चढवल्या, नवा लाल स्विमसूट सारखा केला आणि मान ताठ करून चालू लागली. मागून फाउस्तो चक्र छातीशी धरून. लोक आदराने उठून उभे राहत होते.

त्यांची छत्री होती तिथेच होती. तीच वाकलेली काडी, तोच डावीकडचा नळ. फक्त दांड्यावरचा चारचा आकडा खोडून ओल्या रंगाने एक लिहिला होता. छत्रीच्या पुढे एक पाऊल वाळू होती आणि तिथून समुद्र सुरू होत होता. पुढच्या तीन रांगा हिवाळ्यात त्याने खाल्ल्या होत्या.

आणि त्या समुद्रात, नेमकी त्यांच्यासमोर, सिमेंटच्या चौथऱ्यात रोवलेल्या लांबलचक लोखंडी दांड्यावर निळी छत्री उघडलेली होती. तिच्याखाली खुर्ची, खुर्चीत कंबरेपर्यंत पाण्यात बसलेली, नव्याकोऱ्या पिवळ्या स्विमसूटमधली एक पाठ.