सलोनीची चवळी

माझ्या सलोनीला तिसरीच्या वर्गात सध्या बी कसं रुजतं ते शिकवतायत. बाईंनी प्रत्येकाला काचेच्या ग्लासात ओल्या कापसावर चवळी रुजवून आणायला सांगितलं होतं. सलोनीची चवळी खिडकीत वर आली. आज तो ग्लास शाळेत न्यायचा, तर सकाळी रिकामा! सासऱ्यांनी रोप मागच्या वाडीत लावलं होतं. शाळेची रिक्षा दारात उभी. माझं डोकंच फिरलं. “अप्पा, त्याला मार्क आहेत हो!” ते रोपाशेजारी काठी रोवत म्हणाले, “कापसावर किती दिवस जगणार ते? त्याला माती नको?” सलोनी रडायलाच लागली. मलाही गप्प राहवेना. “आणि माती कोणाची? उमेळ्यातली ही उरलीसुरली वाडी तुम्हीच बिल्डरला विकलीत ना? सोमवारी त्याचा जेसीबी येतोय!” ते काठी आणखी खोल दाबत म्हणाले, “शेंगा धरेपर्यंत थांब म्हणून सांगतो त्याला.”