घराण्याचं रक्त

“पाळणा सोडा. बारसं होणार नाही!” भगवंतराव कडाडले.

सून सुचिता बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. तिचे डोळे भरून आले. सासऱ्यानं निकालच लावला होता. एकदा आदर्शचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं रक्त तपासलं, की तिनं लेकरू घेऊन माहेरी जायचं. कायमचं.

दवाखान्यात बाळाचा रक्तगट ओ निघाला, तिथून हे सुरू झालं. भगवंतरावांचा एबी. पोहरादेवीच्या यात्रेत ते दरसाल रक्त द्यायचे आणि ‘आमच्या घराण्याचं रक्तच एबी’ असं छाती ठोकून सांगायचे. लेकाचंही तेच, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. जमीन बापाची, आडनाव बापाचं, मग रक्त काय शेजारून येणार? आदर्शनं मात्र कधी रक्त दिलं नव्हतं. तो शिबिराला निघाला की त्याची आई सीताबाई आडवी यायची. “पोरगं अशक्त हाय, राहू द्या.”

कारंज्यात लॅब चालवणाऱ्या संघदीपनं भगवंतरावांना सगळं समजावून सांगितलं होतं.

“काका, रक्ताच्या लाल पेशीवर खूण असते. कोणाच्या ए, कोणाच्या बी. एबीवाल्यापाशी दोन्ही. त्यातली एक लेकराले द्याच लागते. अन् ओवाल्याच्या पेशीवर तं यातली एकही नसते.”

“म्हंजे एबी बापाले ओचं लेकरू?”

“होत नाही, काका.”

झालं! भगवंतरावांच्या डोक्यात किडा शिरला. सून फोनवर हसली तरी संशय. बाजारात वांगी विकतानाही ते गिऱ्हाइकांची नाकं निरखू लागले. बाळाचं नाक कोणावर गेलंय, हे शोधायला नको?

सगळ्यात चीड आली ती बायकोची. सासू असून सुनेची बाजू घेते म्हणजे काय!

“कायले खोदून राह्यले?” सीताबाई म्हणाली. “लेकरू किती गोड हाय. आदर्शले सुईचं भेव हाय, नका टोचू त्याले.”

“तुले सारं ठाऊक हाय! सुनेचं झाकून राह्यली तू!”

सीताबाई पदर सावरत आत निघून गेली. भगवंतरावांची खात्रीच पटली.

त्यांनी आदर्शला गाडीवर बसवून कारंज्याला नेलं. संघदीपनं बोटातून रक्त काढलं, काचेवर थेंब ठेवले, त्यात औषध टाकलं. खूण असली की गुठळी धरते; ए आणि बीच्या दोन्ही थेंबांत ती धरली नाही.

“ओ,” तो म्हणाला. “दादाचा ओ, म्हणून बाळाचा ओ. सूनबाईवर आळ घेऊ नका. आता घरी जा काका, अन् या भानगडीत परत पडू नका.” हे बोलताना त्यानं मान वर केली नाही.

भगवंतरावांचा जीव भांड्यात पडला. येताना पेढे घेतले. घरी येऊन स्वतःच्या हातानं पाळणा बांधला आणि सगळ्यांसमोर सुनेपुढे हात जोडले.

“माफ कर, माय. मीच येडा! माहा एबी, म्हणून आदर्शचाही एबीच धरला. अन् एबी बापाले ओचं लेकरू होत नाही, हेच घेऊन बसलो.”

ते मोठ्यानं हसले. आदर्शही हसला. सीताबाईच्या हातातला पेढा हातातच राहिला होता.

सुचितानं बाळ पाळण्यात ठेवलं, पदरानं डोळे पुसले. आधी सासूकडे पाहिलं, मग सासऱ्याकडे.

“मामाजी,” ती म्हणाली, “पण तुमचा तं एबीच हाय न?”