कापलेलं पान

तिसऱ्या कादंबरीचंही शेवटचं पान ब्लेडनं कापलेलं निघालं आणि ग्रंथपाल धोंडप्पाचं टाळकंच फिरलं.

"त्या कांबळेच्या श्रीमंतचाच हात हाय ह्यात," तो बायकोला म्हणाला. "तिन्ही पुस्तकं आधी त्यानंच नेलती."

कस्तुराबाई तूर निवडत होती. "मग खून केला कुणी?"

"पान न्हाई तर कळंल कसं?"

तिन्ही कादंबऱ्या एकाच नॉर्वेच्या लेखकाच्या, मराठीत आलेल्या. बहात्तरच्या दुष्काळात टँकरच्या रांगेत वेळ जाईना, म्हणून धोंडप्पानं त्याची पहिली कादंबरी तिला मोठ्यानं वाचून दाखवली होती. तिला अक्षर येत नव्हतं. "एवढं बर्फ? हंडे भरून ठिवावं की मेल्यांनी!" ती म्हणाली आणि सगळी रांग हसली. दहा वर्षांत ती परकी नावं तिला माहेरच्या माणसांसारखी झाली. आता शेवटच सापडेनात, तशी दोघं आठ-आठ दिवस तर्क लढवत. जेवताना, पाणी शेंदताना.

"डॉक्टरच असंल."

"छ्या! भावजय."

पण धोंडप्पाच्या डोक्यातून श्रीमंत जाईना. बिलोलीचा पोरगा, लातूर जिल्हा झाला तसा एका कचेरीत कारकून लागलेला. नोकरी अजून कायम नव्हती. त्याच्या साहेबाकडं एक तक्रार गेली की खेळ खलास, हे धोंडप्पाला पक्कं ठाऊक होतं. अर्ज लिहून त्यानं खिशात ठेवला.

चौथी कादंबरी श्रीमंतनं परत आणली. धोंडप्पानं ती मागून उघडली.

"काय बघून राहिलात, आप्पा?"

"पानं मोजून राहिलो."

श्रीमंतचा चेहरा उतरला. "बाकीच्यांची मोजता का हो?"

धोंडप्पा पानं उलटत राहिला. शेवटचं पान जागेवर होतं. आता बोला! दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. धोंडप्पाच्या मनात आलं, भ्याला लेकाचा, म्हणजे चोर तोच. त्याच दुपारी त्यानं अर्ज टपालात टाकला.

पुस्तक घरी आणलं. रीत ठरलेली होती. परत आलेलं पुस्तक आधी कस्तुराबाई घ्यायची, फाटकं खळीनं चिकटवायची, खाकी कव्हर घालायची. मग रोज संध्याकाळी वाचन.

आठवड्यानं कचेरीच्या शिपायानं बातमी आणली. श्रीमंतला कामावरून काढलं होतं.

"बरं झालं," धोंडप्पा म्हणाला. "आता शेवट तरी वाचायला मिळतील."

त्या संध्याकाळी वाचता वाचता तो ऐन रंगात आला. खुनी दारात उभा होता. धोंडप्पानं पान उलटलं, तर पुढं नुसता खाकी कागद.

त्यानं बोटानं कापल्याची कड चाचपली. हे पान त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. घरात तर दोघंच.

"कस्तुरा... तू?"

तिनं सुपातून मान वर केली नाही.

"शेवट कळला की पुस्तक मिटता, अन् मग म्हैना-म्हैना माझ्याशी एक शबूद बोलत न्हाई तुमी."