सुलेखाबाईंचं औषध

“घेणार,” सुलेखाबाई म्हणाल्या. “तिथे दुकानात उघड मिळतं. मी घेणार.”

निशिकांतने ताट बाजूला सारलं. सिंगापुरातल्या मरीन परेडच्या त्या फ्लॅटमध्ये आठवडाभर हाच विषय चालला होता. त्याच्या आईचा कॅन्सर हाडांत उतरला होता. गोळ्यांनी दुखणं थांबत नव्हतं, वर खाल्लेलं उलटून पडायचं. कॅनडात सस्कॅटूनला राहणारी त्याची बहीण क्षिप्रा रोज फोनवर सांगत होती, आईला इकडे पाठव, इथे गांजाचं तेल मिळतं, निदान झोप तरी लागेल तिला.

“तिथलं सगळं वाचलंय मी,” निशिकांत म्हणाला. नियम वाचणं हीच त्याची बँकेतली नोकरी होती. “शेजारच्या अल्बर्टात अठरा वर्षं पूर्ण लागतात, क्षिप्राच्या सस्कॅचेवानमध्ये एकोणीस. तुला तिथे कुणी अडवणार नाही. पण इथला सिटिझन किंवा कायमचा रहिवासी, पीआर, जगात कुठेही ते घेऊ दे, इथे घेतल्यासारखाच गुन्हा होतो. परत आल्यावर चांगी विमानतळावर तपासलं तर? लघवीत सापडतं. केसांत तर महिनोन् महिने राहतं.”

“केस आहेत कुठे माझ्या डोक्यावर?”

“आजी, चेष्टा नको, डोन्ट प्ले-प्ले ला!” निशिकांतची मुलगी आर्या कळवळून म्हणाली. “दे विल अरेस्ट यू.”

“करू देत. उलट्या करत मर, पण नियमात मर, असं सांगणारा कायदा मी नाही मानत.”

“मग इथे राहायचं तरी कशाला?” निशिकांत बोलून गेला.

सुलेखाबाईंनी त्याच्याकडे शांतपणे पाहिलं.

“हा कायदा सिटिझन आणि पीआरनाच ना?”

“हो. आणि तू पीआर आहेस, आई.”

“ठाऊक आहे मला.”

त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. आई नमली, असं निशिकांतला वाटलं. पण रात्री भिंतीपलीकडून तिचं कण्हणं ऐकू यायचं आणि तो उशीत तोंड खुपसून पडून राहायचा.

क्षिप्राकडे जायच्या दिवशी चांगीला तोच तिची व्हीलचेअर ढकलत होता. आर्या पुढे पाणी आणायला गेली, तसा तो आईच्या कानाशी वाकला. रिकामा रस्तासुद्धा लाल दिव्यावर कधी न ओलांडलेला तो माणूस कुजबुजला.

“घे तू. पोटभर जेव, झोप. फक्त तिथून निघायच्या आधी काही महिने बंद ठेव, म्हणजे अंगात काही सापडणार नाही. मी परतीचं तिकीट पुढे ढकलतो.”

सुलेखाबाईंनी त्याचा गाल कुरवाळला.

“ढकलू नकोस, रद्द कर,” त्या म्हणाल्या. “पीआर मी मंगळवारीच सोडून दिली.”