आईच्या चपला

सिनेमा कसा निघणार, हे आईला सुरुवातीची नावं वाचूनच कळायचं, आणि आजवर ती एकदाही चुकली नव्हती. नावं पटली की चपला काढून खुर्चीतच ऐसपैस मांडी घालायची. एखादं जरी खटकलं तर पाय चपलांत, पिशवी मांडीवर, आणि मध्यंतरात सगळं घर मुकाट्याने बाहेर!

आज मुलाच्या पहिल्याच सिनेमाचा पहिला खेळ होता. आईच्या धाकाने त्याने एकेक माणूस पारखून घेतला होता. तरी दिवे मालवल्यावर त्याला पडद्याकडे बघायचा धीरच होईना. तो खाली तिच्या पायांकडेच बघत राहिला.

"कॅमेरा यांचा? वा!" एक चप्पल निघाली.

"आणि संगीत ह्यांचं? नशीब काढलंस रे!" दुसरीही निघाली. आईने मांडी घातली. त्याने अडकलेला श्वास सोडला.

मग शेवटचं नाव आलं, दिग्दर्शकाचं. त्या नावाला ती त्याच्या जन्मापासून ओळखत होती.

"छान दिसतंय हो नाव," आई म्हणाली, आणि अंधारात तिचा पाय हळूच चपला शोधू लागला.